बाद नग

चाळीस नग, शलाका म्हणाली, उद्या पाचच्या आत.
गंगापूर रोडच्या कुठल्याशा सोसायटीत
पोरं भुतं होऊन दारोदार हिंडणार आहेत,
त्यांना खायलाही भुतंच हवीत.
मी म्हणालो, आमच्या वेळी भूत आपणहून यायचं,
ऑर्डर द्यावी लागत नसे.
ती हसली नाही. तिच्या दोन्ही हातांत अंडी होती.

सोपं असतं, बाबा.
लोणी आणि चॉकलेट वाफेवर विरघळवायचं,
साखर, अंडी, मग मैदा, कोको, चिमूट मीठ,
आणि फार ढवळायचं नाही.
हे फार न ढवळणं मला पटलं.
साठीनंतर बऱ्याच गोष्टींना तेच लागू पडतं.

जेल रोडच्या आमच्या जिन्यावरून
वास खाली उतरला, तळमजल्यावरच्या बागुलांनी
मान वर करून विचारलं, कुणाचा वाढदिवस?
मी म्हणालो, भुतांचं चाललंय.
त्यांनी दार लावून घेतलं.

टूथपिक खुपसून पाहायची.
थोडं चिकटून आलं पाहिजे,
कोरडी निघाली तर तो केक.

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये ताव तपासले.
दिव्याखाली धरायचा, नजर फिरवायची,
एखादी रेघ केसभर सरकलेली,
एखाद्या आकड्याच्या पोटात शाई फुगलेली,
की बाजूला. बाद.
एकसारखं, एकसारखं, एकसारखं.
घरी येऊन भाकरीचीही कड बघायचो,
तेव्हा कुमुद म्हणायची,
नंबर घालू का भाकरीवर?

आता माझ्या हातात पांढऱ्या चॉकलेटची पिशवी,
टोक कापलेलं.
शलाका जाळी काढते:
वर्तुळात वर्तुळ, मग मधून बाहेर
टूथपिकनं एक ओढ, की कोळ्याचं घर तयार.
कोळी म्हणजे बेदाणा, तिच्या माहेरचा, पिंपळगावचा,
त्याला आठ पाय.
भुतं माझ्याकडे.

पहिली पाच मी पट्टी लावून काढली.
डोळ्यांत अंतर तेवढंच, तोंड तेवढंच गोल.
शलाका म्हणाली, बाबा, ही भुतं नाहीत,
बँकेच्या रांगेतली माणसं आहेत.

सहाव्याला हात कापला.
एक डोळा कपाळात गेला.
मी तो नग बाजूला सरकवला,
तिनं परत ताटात ठेवला.
असंच हवंय.

मग सातव्याचं तोंड वाकडं झालं,
तर तो गांगुर्डे. रात्रपाळीला पहाटे तीनच्या सुमारास
जांभई देताना थेट असाच.
नवव्याचे ओठ शीळ घालणारे, पगारेचे.
पगारे एकवीसच्या एप्रिलात गेला,
बिटकोच्या वॉर्डातून परस्पर,
आमच्यातलं कुणी जाऊ शकलं नाही.
त्याला मी डोळे जरा मोठे दिले,
बघू दे काय बघायचं राहिलं असेल ते.
बारावा आमचा साहेब, मिशीसकट.
तेरावा कोण ते आठवेना,
पण ओळखीचा होता.

सोळाव्याला मी टिकली लावली.
लाल, जेलची, भुवयांच्या किंचित वर,
आरशात न बघता लावल्यासारखी.

शलाकानं वाकून पाहिलं.
भुताला टिकली? असू दे, हडळ म्हणून चालेल.
मी म्हणालो, हडळ नाही.
तिनं ओव्हनचा खटका बंद केला,
नंतर बराच वेळ नुसतीच ओटा पुसत राहिली.

दुपारी खोकी भरली.
ताव संपले की मोजणी व्हायची,
आणि सुटताना गेटवर झडती,
हात वर करून उभं राहायचं.
चौतीस वर्षांत एक कपटा
माझ्या खिशातून निघाला नाही.

शलाकानं मोजले. पुन्हा मोजले.
एकोणचाळीस.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
माझे हात सवयीनं वर गेले,
बोटांना पांढरं लागलेलं.

आता मात्र ती हसली.
ट्रेच्या कोपऱ्यातला जळका तुकडा घेऊन
त्यावर घाईघाईत दोन ठिपके दिले,
चाळीस म्हणाली,
आणि फ्रिजचं दार
तिनं उघडलं नाही.